गौराक्काच्या अकरा बिया

"बी जिवंत आहे की मेलेलं, हे पेरल्याशिवाय कळतं का, अज्जा?"

टेकडीवरच्या मठातले म्हातारे स्वामी, अज्जा, ओट्यावर बसून वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू कुणाचा?"

"बसवंत मगदूम. खालच्या आळीतला." एवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं होतं. भागलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "सरकारी बीज तपासणीत होतो. एकतीस वर्षं."

"व्हय व्हय... गौराक्काचा मालक," अज्जा म्हणाले आणि त्यांनी पुढची मिरची उचलली.

बसवंताला ते लागलं. हत्तरवाडीत त्याला कोणी असं ओळखत नसे. नोकरी संपवून तो गावी परतला त्याला चार वर्षं झाली होती. पेरणीच्या तोंडावर माणसं बियाण्याच्या पिशव्या घेऊन त्याच्या दारात उभी राहत. तो चिमूटभर बी तळहातावर घेई, नखानं एखादं उलटं करी आणि सांगे, हे घ्या, नाहीतर हे परत करा. त्याचा शब्द सहसा खोटा पडत नसे. पण या टेकडीवर त्याची ओळख एवढीच, की दर सोमवारी भाजीची पाटी घेऊन वर येणाऱ्या बाईचा तो नवरा.

तो स्वतः मठात पहिल्यांदाच येत होता. देवाधर्माचं तिनं बघावं, बियाण्याचं आपण, अशी त्यांच्या घरात वाटणी होती. निदान त्याच्या मते तरी होती.

कार्तिकात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गौराक्का गेली. आता माघ सरत आला होता. टेकडीच्या उतारावर पांगारा फुलला होता आणि गावात बायका परड्यातले वाफे खणायला लागल्या होत्या.

"बस," अज्जा म्हणाले.

तो बसला. लगेच उठला. ओट्याच्या कडेपर्यंत जाऊन खाली हिरण्यकेशीच्या पात्राकडे बघितलं आणि परत आला. गेले चार महिने त्याचं हे असंच चाललं होतं. एका जागी बूड टेकत नव्हतं. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं. अंथरुणावर पडला की कुठलं तरी दार लावायचं राहिलंय असं वाटे, आणि सगळी दारं लावलेली असत.

"एकतीस वर्षं तेच केलंस न्हवं? मग तूच सांग. कसं कळतं?"

हे मात्र बसवंताला सांगता येण्यासारखं होतं. त्याचा आवाज सावरला. त्यानं सांगितलं की पोत्यातून सरमिसळ करून नमुना घ्यायचा, त्यातल्या शंभर बिया मोजून ओल्या कागदावर ओळीनं मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून ती ठरावीक उबेत उभी ठेवायची. ठरल्या दिवशी उलगडायची. कोंब सरळ असेल ते चांगलं बी, वाकडा असेल ते विकृत, बोटानं दाबल्यावर पिचकेल ते मेलेलं.

"आणि जे उगवत न्हाई, पिचकत बी न्हाई... ते?"

बसवंतानं अज्जांकडे नीट पाहिलं. हा प्रश्न नवख्या माणसाचा नव्हता.

"त्याला कडक बी म्हणतात. पाणीच शिरत नाही आत. बाहेरून दगड, आतून... सांगता येत नाही."

"त्याचं काय करता?"

"नोंद करतो."

"मग?"

"मग टाकून देतो."

अज्जांनी मान हलवली. मिरचीचा एक देठ निघत नव्हता, तो त्यांनी दातांनी तोडला.

"मग कर की तसंच. माझ्याकडं कशाला आलास?"

"शंभर नाहीत, अज्जा."

"किती हाईत?"

"अकरा."

त्यानं खिशावर हात ठेवला होता, हे तेव्हा अज्जांनी पाहिलं.

त्या अकरा बिया दोडक्याच्या होत्या. गौराक्का लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरून हे बी आणलं होतं, आणि तिच्या आईनं ते आपल्या माहेराहून. लांब, बारीक शिरांचा, चवीला गोडसर असा तो दोडका हत्तरवाडीत दुसऱ्या कोणाच्या वेलाला लागत नसे. बसवंताची नोकरी बाहेरगावी. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. सासू-सासरे, घर आणि घरामागचं परडं हे सगळं तिनंच सांभाळलेलं. कुठल्या वाफ्यात काय आहे हे बसवंताला कधी माहीत नव्हतं. तो परड्यात जाई तो फक्त ओळी वाकड्या आहेत हे सांगायला.

ती गेल्यावर महिन्याभरानं चुलीमागच्या मडक्यातली राख उपसताना त्याला एक पुरचुंडी सापडली. तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. सोडून पाहिली तर आत अकरा काळ्या, चपट्या बिया.

तेव्हापासून त्याला थारा नव्हता. आधी त्यानं ती पुरचुंडी कपाटात ठेवली. मग वाटलं, कपाटात दमट होतं, म्हणून ट्रंकेत. ट्रंकेत उष्मा होतो, म्हणून पुन्हा राखेत. राखेतून डब्यात. दिवसातून चार वेळा उघडून तो बिया मोजायचा. पेरल्या आणि उगवल्या नाहीत तर तिच्या हातचं शेवटचं जे काही होतं तेही मातीत गेलं. नाही पेरल्या तर डब्यात एक एक करून मरणार, आणि कुठल्या दिवशी मेल्या हे कळणारसुद्धा नाही. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला आड. मधल्या चिंचोळ्या जागेत तो तीन महिने येरझाऱ्या घालत होता.

हे सगळं त्यानं अज्जांना सांगितलं. सांगून झाल्यावर अज्जा काही बोलतील म्हणून थांबला.

अज्जा मिरच्या खुडत राहिले.

मग बसवंताला अजून एक गोष्ट सांगावी लागली. ती तो सांगणार नव्हता.

बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी आला असताना त्यानं त्याच मडक्यातल्या दोडक्याच्या शंभर बिया खिशात घातल्या होत्या. तिला न विचारता. घरचं बी घरचं बी म्हणून ती फार मिरवते, एकदा तिला दाखवूनच देऊ, असं त्याच्या मनात होतं. प्रयोगशाळेत नेऊन त्यानं त्यांची रीतसर तपासणी केली. शंभरातल्या अडतीस उगवल्या. कचेरीच्या छापील कागदावर त्यानं तो आकडा लिहिला, खाली शेरा मारला, 'पेरणीस अयोग्य', आणि सही ठोकली.

अक्षय्य तृतीयेला घरी पाहुणे जेवायला बसले असताना त्यानं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. मेहुणे पोट धरून हसले. त्याच्या ताटात तेव्हा त्याच वेलाच्या दोडक्याची भाजी होती.

"ती काय म्हणाली?" अज्जांनी विचारलं.

"काही नाही. वाढत होती... वाढत राहिली."

"आणि नंतर?"

"नंतरही नाही. कधीच नाही." बसवंतानं पुढ्यात पडलेला एक देठ उचलून टाकला. "ती एका आळ्यात तीन तीन बिया टाकायची. मी म्हणायचो, हे अडाण्याचं काम, बी वाया जातं. आता कळतं... तिला आकडा माझ्या आधीपासून ठाऊक होता. अडतीस म्हणजे तिनात एक."

अज्जांनी मिरच्यांचं सूप बाजूला सरकवलं. हात धोतराला पुसले.

"दाखव बघू."

बसवंतानं पुरचुंडी काढली. ओट्यावर फडकं पसरून त्यानं ती सोडली, तेव्हा वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा केला. अज्जा वाकले. त्यांनी एक बी उचललं, उजेडात धरलं, कानाशी नेऊन हलवलं. मग शेजारचा वाटण्याचा दगड घेतला, बी ओट्याच्या फरशीवर ठेवलं आणि बसवंताला काही कळायच्या आत दगड खाली आणला.

कट्ट असा आवाज झाला.

काळं कवच दुभंगलं होतं. आत पांढराशुभ्र गर होता, ओलसर, नखाएवढा.

"जिवंत होतं," अज्जा म्हणाले.

बसवंत उभा राहिला. एखाद्या कारकुनानं नमुना सांडला तरी अख्खी प्रयोगशाळा डोक्यावर घेणारा हा माणूस. पण आता त्यानं नुसतं फुटक्या कवचाकडे बोट केलं.

"हे... हे काय केलंत तुम्ही?"

"तुला कळायला हवं होतं न्हवं?"

"एका बियानं काय कळतं? एकावरून दहांचं काही सांगता येत नाही. हे शास्त्र आहे, अज्जा, हे असं..."

"मग अजून एक फोड."

अज्जांनी दगड त्याच्यासमोर ठेवला आणि मिरच्यांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

बसवंत तिथून निघून गेला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. तो पायऱ्यांपर्यंत गेलाही. तिथं थांबला. त्या पांढऱ्या गराकडे वळून पाहिलं. एक जिवंत होतं. मग दुसरं? तेही असेल. की हेच एक होतं, आणि नेमकं तेच गेलं? हा विचार डोक्यात शिरला आणि मुंगीसारखा चावत राहिला. एक आकडा काहीच सांगत नाही. दोन आकडे थोडं तरी सांगतात.

तो परत आला. गुडघ्यावर बसला. त्यानं फडक्यातलं सगळ्यात लहान, कडेला जरा फिकट पडलेलं एक बी निवडलं. हे तसंही कमी प्रतीचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दगड उचलला.

आत करडी भुकटी होती.

"मेलेलं," तो पुटपुटला.

अज्जा खाली बघत मिरच्या खुडत होते.

एक जिवंत, एक मेलेलं. म्हणजे जिथं होता तिथंच. त्याचा हात पुन्हा फडक्याकडे गेला. या खेपेला त्यानं निवडलंसुद्धा नाही. दगड बसला, कवच फुटलं, आणि पांढऱ्या गराच्या टोकाशी कोंबाची इवलीशी चोच दिसली. भिंग लावून त्यानं आयुष्यभर अशा हजार चोची पाहिल्या होत्या.

तो बघत राहिला.

"अजून आठ हाईत," अज्जा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. "सगळी फोड. मग पक्कं कळंल."

बसवंतानं दगड खाली ठेवला. आठ बिया फडक्यात गुंडाळताना त्याच्यानं गाठ बसेना, दोनदा सुटली. नमस्कार न करताच तो टेकडी उतरला. वाटेत दोघांनी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही.

दुपारी उन्हातच त्यानं परडं खणायला घेतलं. कार्तिकापासून तिथं पाणी पडलं नव्हतं. माती भेगाळली होती. कुदळीच्या दहा घावांत त्याच्या तळहाताला फोड आले, पण तो थांबला नाही, कारण थांबलं की डोक्यात ती कोंबाची चोच येत होती. ढेकळं फोडली, शेणखत मिसळलं, विहिरीवरून बारा घागरी आणून वाफा भिजवला. शुक्रवारी सकाळी सुतळी ताणून सरळ ओळ आखली आणि हात हात अंतरावर आठ आळी केली.

बिया भिजवाव्यात की नाही, यावर त्याचा पाऊण तास गेला. भिजवल्या तर कुजतील. नाही भिजवल्या तर कवच अडेल. दुसऱ्या कोणाला त्यानं डोळे मिटून सल्ला दिला असता. शेवटी भीतीनं कोरड्याच लावल्या. एका आळ्यात एक. प्रत्येकाशेजारी काडी रोवली.

मग तो खुर्ची आणून वाफ्यासमोर बसला. बसला म्हणजे काय, दर पाच मिनिटांनी उठून वाकून बघत होता. आज काही दिसणार नाही हे हत्तरवाडीत सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक होतं.

पहिला सोमवार आला. अज्जा दर सोमवारी झोळी घेऊन गावात भिक्षेला उतरत. त्यांची काठी फरशीवर वाजली तसा बसवंत मागच्या दारानं विहिरीवर गेला. काय बोलायचं हे त्याला कळत नव्हतं. शेजारच्या पारव्वाबाईनं त्याच्या वाटचीही भाकरी झोळीत घातली. त्याची दोन वेळची भाकरीसुद्धा तीच आणून देत होती.

दुसऱ्या दिवशी वाफ्यात हिरवं दिसलं.

तो धावत गेला, खाली वाकला. दोडका नव्हता. दोडक्याची पहिली दोन पानं जाड, रुंद. ही बारीक, निमुळती, दोऱ्यासारख्या देठावरची. काडीजवळही नव्हती, भलतीकडेच होती. त्यानं खुरपं घेतलं आणि मातीसकट उचकटून परड्याच्या कोपऱ्यात टाकलं. तिथं न्हाणीचं पाणी वाहून जाई. त्याच्या पुस्तकात याची व्याख्या एका ओळीची होती. नको तिथं उगवलेलं ते तण.

बुधवारी आणखी आलं. गुरुवारी वाफाभर. काही निमुळतं, काही लालसर, काहींच्या पानांना दाते. पाणी मिळताच माती नुसती उतू जात होती आणि आठ काड्यांशी मात्र काही हलत नव्हतं. बसवंत चिडला. जागा खातात, पाणी खातात, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना वर येऊ देत नाहीत. सकाळ-संध्याकाळ तो खुरपं घेऊन बसे. सुतळीच्या दोन्ही अंगांना तळहाताएवढंही हिरवं शिल्लक ठेवत नसे. पारव्वाबाई एकदा कुंपणावरून बघून म्हणाली की दाजी, एवढं कशाला खरवडता, गौराक्का तर... पण त्यानं हात हलवून तिला पुढे बोलू दिलं नाही.

दहावा दिवस गेला. प्रयोगशाळेत याआधीच गुंडाळी उलगडून मोजणी सुरू झाली असती. बाराव्या दिवशी शिमग्याची पोळी पारव्वाबाईनं आणून ठेवली, ती दुसऱ्या दिवशीही तशीच होती. चौदाव्या दिवशी त्यानं एका काडीशी बोट खुपसलं, पेरभर आत नेलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. फरशीवरचा तो कट्ट आवाज त्याला ऐकू आला होता.

पुढे त्या आठांपैकी दोन वेल मांडवावर चढले आणि आज हत्तरवाडीत चार घरी तो दोडका आहे. पण ते वैशाखातलं. सतराव्या दिवशी, तिसऱ्या सोमवारी, माती कोरी करकरीत होती.

त्या सोमवारी काठी दाराशी येऊन थांबली आणि बसवंत पळाला नाही. पळण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

अज्जांनी झोळी पुढे केली नाही. ते उंबरा ओलांडून आत आले. आज इथंच जेवतो, एवढंच म्हणाले.

बसवंत गोंधळला. पारव्वाबाईच्या दोन भाकऱ्या तेवढ्या होत्या, त्या त्यानं दाखवल्या.

"कालवण?"

"काही नाही, अज्जा."

"परड्यात?"

"उगवलं नाही काही." त्यानं मागच्या दाराकडे हात केला. "सतरा दिवस झाले. एकही नाही."

अज्जा काठी टेकत मागच्या दारानं परड्यात गेले. बसवंत मागोमाग. त्याला वाटलं, ते वाफ्याशी थांबतील, काड्या बघतील, काही सांगतील. अज्जा वाफ्यावरून सरळ पुढे गेले. सुतळीसुद्धा त्यांनी बघितली नाही.

ते न्हाणीच्या पाण्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

बसवंत सतरा दिवसांत त्या कोपऱ्याकडे नीट वळला नव्हता. लांबून भिरकावायचं आणि परत फिरायचं. आता त्यानं पाहिलं. त्यानं मातीसकट फेकलेली ढेकळं साबणाच्या पाण्यात विरून एकमेकांत मिसळली होती आणि त्यांवर वीतभर उंच, दाट, हिरवंगार रान माजलं होतं. निम्मं वाळून गेलेलंही होतं. पण उरलेल्यानं कोपरा भरला होता. तांदळीची पालेभाजी होती, ढीगभर. तिच्या मधूनमधून मिरचीची रोपं होती. अंबाडी होती. दातेरी पानांची टोमॅटोची तीन रोपं होती. एका ढेकळातून वांग्याचं लव असलेलं पान वर आलं होतं.

तो खाली बसला. मिरचीच्या एका रोपाला त्यानं बोट लावलं. हे सगळं त्याच्या वाफ्यातलं होतं. म्हणजे तिच्या. दरवर्षी ती चार फळं वेलावर, झाडावर तशीच पिकू द्यायची, वाळून मातीत गळू द्यायची, आणि तो म्हणायचा, तोडायची राहिली वाटतं. ती म्हणायची, राहू दे.

तो किती वेळ तसा बसला कोण जाणे. मग अज्जांनी काठीनं त्याच्या खांद्याला हलकंच डिवचलं.

"भूक लागलीया, बसवंता."

त्यानं तांदळी खुडली. कशी खुडायची तेही ठाऊक नव्हतं, मुळासकट उपटायला लागला तसं अज्जांनी दोन पानं ठेवून वरचा शेंडा कसा मोडायचा ते दाखवलं. ओंजळभर झाली, दुसरी ओंजळ झाली. त्यानं ती तीन पाण्यांनी धुतली. चार महिन्यांत पहिल्यांदा चूल पेटवली. पहिल्या काडीला पेटली नाही. लसूण ठेचला, तेल जरा जास्तच पडलं, लसूण करपता करपता राहिला, आणि पाला कढईत टाकल्यावर डोंगराएवढा होता तो बघता बघता मुठीएवढा झाला. तो घाबरला. अज्जा पाटावर बसून म्हणाले, असंच असतं.

त्यानं एकच ताट घेतलं. अज्जांनी दुसरं मागितलं.

मग दोघं समोरासमोर बसले. एक एक भाकरी, तिच्यावर भाजी. अज्जांनी घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिले. बसवंतानं घास घेतला. त्या चवीत गौराच्या स्वयंपाकाचं काही नव्हतं, भाजी त्याच्याच हातची होती, अर्धीकच्ची आणि तेलकट. तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं पुसलं नाही. अर्धी भाकरी संपली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण मांडी घालून बसलोय.

मागचं दार उघडं होतं. तिथून आठ काड्यांची सरळ ओळ दिसत होती.

त्याचा घास हातातच थांबला.

"अज्जा..."

"हं."

"दोडका उगवलाच नाही तर?"

अज्जांनी बोटं चाटली. कढईत डोकावून पाहिलं, उरलेल्या भाजीतली निम्मी त्याच्या ताटात ओढली आणि निम्मी आपल्या.

"तर काय... उद्या बी तांदळीच."